घासदाणा

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातून गोदावरीच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे बालाघाटाचे खडकाळ, उघडेबोडके माळ पाठीमागे राहतात आणि पायाखालची जमीन हळूहळू काळी, खोल व चिकण होत जाते. या भागातला माणूस नदीला गोदावरी असे क्वचितच म्हणतो. त्याच्या लेखी ती गंगा आहे, आणि तिच्या काठचा हा सुपीक पट्टा म्हणजे गंगथडी. या गंगथडीत, नदीच्या दक्षिण तीरावर, राक्षसभुवन नावाचे एक गाव आहे. पंचक्रोशीत ते ‘शनीचे राक्षसभुवन’ म्हणून प्रसिद्ध असून शनिअमावास्येला तेथे भाविकांची रीघ लागते; महानुभावांचे आत्मतीर्थ पांचाळेश्वर येथून जवळच आहे, त्यामुळे श्रद्धाळू माणसांच्या पायांनी ही वाट शतकानुशतके तुडवली गेली आहे. परंतु दि. १० ऑगस्ट १७६३ या दिवशी ह्याच वाळवंटात आणि ह्याच काळ्या रानात, पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, मराठ्यांचे राज्य राहते की बुडते याचा निर्णय घोड्यांच्या टापांखाली लागला, हे दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्या दिवसाची, आणि तो दिवस ज्या विलक्षण राज्यव्यवस्थेतून उगवला त्या व्यवस्थेची हकीगत सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मराठ्यांचे राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे गड उभे राहतात, आणि सतराव्या शतकापुरते ते चित्र यथार्थही आहे. परंतु अठराव्या शतकात ते राज्य घाटाखाली उतरून देशावर आणि देशावरून हिंदुस्थानात पसरले तेव्हा त्याचा खरा आधार घोड्याची पाठ हाच होता. ज्या राज्याची सीमा दरसाल दसऱ्याला हलत असे, ज्याची राजधानी कित्येकदा सहा सहा महिने पेशव्यांच्या डेऱ्याबरोबर फिरत असे, आणि ज्याच्या दप्तराच्या पेट्यांना भिंतीतल्या कोनाड्यांपेक्षा उंटाच्या पाठीची ओळख अधिक होती, असे हे राज्य होते. अशा घोडेस्वारांच्या राज्याची कल्पना कथाकादंबऱ्यांतून रंगवलेली आपण वाचतो आणि तिच्या अद्भुततेने भारून जातो; परंतु तसे एक राज्य आपल्याच नद्यांच्या काठी नांदून गेले, आणि त्याचे जमाखर्च अजूनही पुण्याच्या पेशवे दप्तरात बांधलेले आहेत, हा विचार मला त्या अद्भुतापेक्षा अधिक आकर्षक वाटतो.

या राज्याचा स्वार दोन प्रकारचा. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस राही तो शिलेदार. शिवछत्रपतींनी बारगिरांच्या सरकारी पागेला मान अधिक दिला, शिलेदाराला पागेच्या हुकमतीखाली ठेवले. बखरकार सभासदाने सांगितलेली ती रचना सर्वश्रुत आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. आणि प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. या शेवटच्या दोन माणसांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु ज्याने पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा आणि नाल मारणारा नेमून दिला, त्याला घोडदळ म्हणजे काय ते नेमके कळले होते. तलवार स्वाराची असते. पण मोहीम घोड्याच्या खुराची आणि पोटाची असते.

भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यात पैदास होणारा भीमथडी घोडा हा या राज्याचा खरा पाईक. दिसण्यात तो अरबी घोड्यासारखा डौलदार नव्हता. उंचीने बेताचा, हाडाने काटक, पायाने पक्का. उत्तरेतल्या मोगल सरदाराचा धिप्पाड घोडा जेथे दाण्यावाचून दोन दिवसांत मान टाकी, तेथे हे जनावर वाळक्या गवतावर आणि मूठभर हरभऱ्यावर मजल मारी. स्वाराच्या खोगिराला एक तोबरा, घोंगडी, भाकरीचे फडके, आणि हातात भाला. तंबू नाही, बुणगे नाहीत, तोफा नाहीत. मलिक अंबराच्या काळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी, अहमदनगरच्या निजामशाहीच्या याच मुलखात ही लढण्याची रीत पक्की झाली, आणि मोगल बखरकारांनी ‘बर्गी’ हा शब्द रागाने व भयाने लिहायला आरंभ केला तो तेव्हापासून.

पण या राज्याचे एक पंचांगही होते, आणि ते आकाशातल्या ग्रहांवर नव्हे, गवतावर चाले. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे ते केवळ धर्मशास्त्रात मुहूर्त आहे म्हणून नव्हे. आश्विनात नद्या उतरलेल्या असतात, वाटा वाळलेल्या असतात, रानात गवत उभे असते, बाजरी निघालेली असते आणि पुढे ज्वारीच्या कडब्याची खात्री असते म्हणून. फौज निघे, मुलूखगिरी करी, चौथाई व सरदेशमुखीचा ऐवज वसूल करी, आणि मृगाचे ढग दिसू लागले की माघारी वळे. पावसाळ्याचे चार महिने घोडी छावणीला घालीत. छावणी म्हणजे घोड्यांचे चातुर्मास्य: छपराखाली बांधलेली जनावरे, रोजचा खरारा, मोजून घातलेली चंदी, आणि आधीच रचून ठेवलेल्या गवताच्या गंज्या. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले जे पत्र प्रसिद्ध आहे, त्याचा सारा विषय हाच. गवत व दाणा आताच मनास येईल तसा उधळून टाकाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला ओढून आणू लागाल, आणि मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्याने ते पत्र लिहिले आहे. राजाने आपल्या स्वाराला गवताच्या गंजीविषयी पत्र लिहावे, यातच या राज्याचे बळ आणि याच राज्याचे भय ही दोन्ही सामावलेली आहेत. घोडा कुणब्याच्या शेतावर जगतो. ते शेत राखले तर राज्य राहते.

आणि कुणब्याने ते शेत राखण्यासाठी काय काय भरले, हे पाहावयाचे तर बीडसारख्या सरहद्दीच्या मुलखाकडेच पाहिले पाहिजे. निजामशाही बुडण्याच्या काळात हा प्रदेश मोगल व दख्खनी फौजांच्या रहदारीचा रस्ता झाला. १६३१ साली मोगलांनी धारूरचा किल्ला घेतला तो ज्या दुष्काळात, तो दुष्काळ दख्खनच्या इतिहासात आजही हाहाकाराचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. पुढे हैदराबादची निजामी स्थापन झाली आणि साताऱ्याच्या छत्रपतींना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मिळाली, तेव्हापासून गंगथडीच्या गावावर दोन धनी बसले. निजामाचा अंमलदार आपला वसूल मागे, पेशव्यांचा कमाविसदार आपला हिस्सा मागे. आणि या दोहोंवर, फौज गावाजवळून गेली की, ‘घासदाणा’ नावाची एक बाब निराळी. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे चंदी. स्वाराच्या घोड्याला जे लागते ते त्याने लुटू नये म्हणून गावाने आधीच रोख भरून टाकावे, अशी ही पट्टी. नाव किती साधे आहे पाहा. जणू दारी आलेल्या पाहुण्याच्या जनावरापुढे पेंढी टाकावी. परंतु पाटील-कुळकर्ण्यांच्या तोंडून हा शब्द निघे तेव्हा त्यात पाहुणचाराचा लेशही नसे.

निजाम आणि पेशवे यांचे वैर याच टापूत वारंवार फिरत राहिले. १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काला कोंडले ते एकही मोठी लढाई न देता. निजामाच्या जड तोफा मागे राहिल्या, पाणी तुटले, दाणा तुटला, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. मुंगी हे गाव गोदेच्याच काठचे. पुढे १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव करून साठ लक्षांचा मुलूख लिहून घेतला, आणि तेथून परतुरास येऊन मार्चमध्ये भाऊसाहेब उत्तरेकडे वळले. परतूर ते पानिपत हा प्रवास आपल्याला माहीत आहे. जी फौज बुणगे, कुटुंबे, यात्रेकरू आणि जड तोफखाना घेऊन निघाली, ती अखेरीस गवतावाचून आणि दाण्यावाचून खंदकात अडकली. १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या घोड्यांवर बसून मराठे लढले ती घोडी उपाशी होती. पानिपताची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत, आणि त्यांवर वाद आहेत. पण मला या एका कारणापाशी थांबावेसे वाटते. जे राज्य पंचवीस घोड्यांमागे पखालजी मोजत वाढले, त्याच राज्याला त्या दिवशी आपल्या घोड्यापुढे घास टाकता आला नाही.

नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये वारले, आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. वय कोवळे, चुलते रघुनाथराव महत्त्वाकांक्षी, खजिना रिता, नामांकित सरदारांच्या पिढ्याच्या पिढ्या पानिपतावर पडलेल्या. हैदराबादच्या निजाम अलीने ही संधी ओळखली नसती तरच नवल. १७६१ च्या अखेरीस तो पुण्यावर चालून आला; उरुळीपर्यंत येऊन तह करून परतला. मग १७६२ मध्ये आपल्या भावाला, सलाबतजंगाला, त्याने बिदरच्या किल्ल्यात बंदिवान केले आणि हैदराबादची सत्ता निर्वेधपणे हाती घेतली. इकडे चुलत्या-पुतण्याचे बिनसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात घोडनदीच्या परिसरात दोघांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या, आणि राज्य दुभंगू नये म्हणून माधवराव आपण होऊन आळेगावी चुलत्याच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाचा हा निर्णय मला राक्षसभुवनच्या विजयाहून कमी मोलाचा वाटत नाही. कारण त्या दिवशी त्याने आपला मान टाकून घरातली फाळणी टाळली, आणि ती टळली म्हणूनच पुढच्या श्रावणात चुलता-पुतणे एका निशाणाखाली उभे राहू शकले.

रघुनाथरावांनी कारभार हाती घेताच जुने हिशेब चुकते करायला आरंभ केला. निजामाला मदतीच्या मोबदल्यात मुलूख परत देण्याची वचने गेली. मिरज पटवर्धनांकडून काढून घेतली गेली. प्रतिनिधीपद भवानरावांकडून दुसरीकडे गेले. दुखावलेले गोपाळराव पटवर्धन आणि भवानराव प्रतिनिधी निजामाला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे वळले. या साऱ्या असंतुष्टांना एका धाग्यात ओवणारा पुरुष म्हणजे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. ‘राजा प्रतापवंत’ हा त्याचा किताब. मराठी बोलणारा, मराठी दरबाराच्या साऱ्या फटी जाणणारा हा मुत्सद्दी ब्राह्मण. साताऱ्याच्या राजकारणात जानोजीला पुढे करावे, पेशवाई मोडावी आणि भीमेच्या पूर्वेकडचा मुलूख निजामाच्या घरात घालावा, असा त्याचा डाव. आपल्याकडे विठ्ठल सुंदराला नुसता घरभेदी म्हणून टाकून देण्याची रीत आहे, ती मला न्याय्य वाटत नाही. त्याने ज्याचे मीठ खाल्ले त्याची चाकरी केली, आणि ती प्राणांतापर्यंत केली. हे आपण ज्या माणसांच्या बाबतीत गौरवाने सांगतो त्यांच्यापेक्षा तो या एका बाबतीत उणा नव्हता.

१७६३ च्या उन्हाळ्यात जी मोहीम झाली तिचे स्वरूप घोडदळाच्या युद्धाचे मर्म उघड करणारे आहे. दोन्ही फौजा एकमेकींसमोर उभ्या न राहता एकमेकींना वळसा घालून परस्परांच्या मुलखात शिरल्या. निजाम अली पुण्यावर आला. मराठे त्याच्या वाटेत उभे राहण्याऐवजी औरंगाबाद, वऱ्हाड आणि तेथून थेट हैदराबादच्या बाजूला गेले. निजामाने पुण्यात खंडणी घेतली, ज्यांनी ती दिली नाही त्यांची घरे पाडली व जाळली. पेशव्यांचे कुटुंब आधीच सिंहगडावर गेले होते. त्या गडाखालच्या गावाला लागलेल्या आगीत मराठी इतिहासाचे कित्येक मौलिक कागद भस्मसात झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या मजकुरापाशी आजही थबकावे लागते. उलट मराठ्यांनी नागपूरकरांचा व निजामाचा मुलूख त्याच रीतीने खरवडून काढला. पुण्याची आग आपल्या लक्षात आहे, कारण तिच्यावर लिहिणारे पुण्यात होते. मेदकच्या कुणब्याची आणि वऱ्हाडातल्या पाटलाची आग कोणी लिहून ठेवली नाही; पण चैत्र-वैशाखात गंज्या जाळल्या म्हणजे पुढचा सारा पावसाळा बैल काय खाणार, हा प्रश्न तेथेही तोच होता.

मग पाऊस लागला. एरवी या वेळी युद्ध थांबायचे, आणि निजामाचा तसाच विचार होता. पावसाळा औरंगाबादेत काढावा, घोडी छावणीला घालावीत, आणि दसऱ्याला पुन्हा निघावे. औरंगाबादला जायचे म्हणजे गोदावरी ओलांडायची. मराठ्यांनी मात्र आपल्या पंचांगाचा पहिला नियम त्या वर्षी मोडला. ते माघारी गेले नाहीत. मल्हारराव होळकरांसारखा अनेक मोहिमा पाहिलेला वृद्ध सरदार बरोबर असताना ही गोष्ट घडली, हे विशेष. पडद्याआड जानोजीशी बोलणे चालू होते, आणि बत्तीस लक्षांच्या मुलखाच्या वचनावर जानोजी फुटायला तयार झाला होता. निजामाची फौज राक्षसभुवनच्या उताराशी आली. गंगा दुथडी भरलेली. निजाम अली आपल्या खाशा मंडळींसह व काही फौजेसह पैलतीरी उतरला, आणि उरलेली फौज घेऊन विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर राहिला. जानोजीने काही निमित्त काढून आपला तळ बाजूला घेतला. एक फौज, मध्ये पुराची नदी, आणि दोन तीरांवर दोन तुकडे: शत्रूने मागून येऊन गाठावे अशी याहून अनुकूल स्थिती लाभणे कठीण.

माधवराव आणि रघुनाथराव मजला मारीत आले. या मजला म्हणजे काय ते गंगथडीच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. श्रावणातली काळी जमीन पायाला धरून ठेवते; बैलगाडीची चाके आऱ्यांपर्यंत रुततात; ओढ्यांना पाणी, वाटांना गारा, आणि वर सतत झिमझिम. अमावास्या नुकतीच सरून श्रावण लागला होता, म्हणजे रात्री चांदणेही नव्हते. तोफखाना अशा रानात चालूच शकत नाही. चालतो तो सडा स्वार, आणि तोही तोच, ज्याचा घोडा हलका, खूर लहान आणि सवय मजबूत. उत्तरेच्या सपाट मैदानात भीमथडीचे जे जनावर अडकून मेले, तेच येथे आपल्या मातीवर होते. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्टला झाली खरी, पण ती जिंकली गेली त्याआधीच्या त्या चिखलातल्या वाटचालीत, असे माझे मत आहे.

लढाई निकराची झाली. विठ्ठल सुंदर पेचात सापडला होता, तरी डगमगला नाही. मागे नदी असल्याने त्याच्या लोकांना पळायला वाव नव्हता, आणि अशी फौज जिवावर उदार होऊन लढते. एका वेळी तर रघुनाथरावांच्या हत्तीभोवती शत्रूचा गराडा पडला. चुलता जातो अशी अवस्था आली. अठरा वर्षांच्या माधवरावांनी राखून ठेवलेली फौज नेमक्या क्षणी त्या गर्दीवर घातली आणि रघुनाथरावांना सोडविले. आळेगावी ज्याने आपल्याला कैदेत ठेवले त्याच्यासाठी पुतण्याने घातलेली ती उडी. बखरकारांनी तिचे वर्णन रंगवले असेल, पण मूळ घटनेत रंग भरण्याची गरजच नव्हती. विठ्ठल सुंदर रणात पडला, त्याचे शिर कापले गेले. त्याचा पुतण्या विनायकदासही कामास आला. दिवाण पडल्याचे दिसताच फौज मोडली. कित्येक मारले गेले, कित्येक पुरात बुडाले. पैलतीरावरून निजाम अली हे सर्व पाहत होता. त्याच्या तोफा नदीवरून गोळे टाकीत राहिल्या, परंतु गंगेने त्याला मदतीला येऊ दिले नाही. त्याच पाण्यामुळे मराठ्यांनाही त्याचा लगोलग पाठलाग करता आला नाही. एका नदीने एकाच दिवशी एकाचा दिवाण घेतला आणि त्याचे प्राण राखले.

निजाम औरंगाबादेत पोचला. पूर ओसरताच मराठे तेथे गेले, आणि सप्टेंबरअखेर तह झाला: उदगीरला कबूल केलेला साठ लक्षांचा मुलूख आणि त्यावर बावीस लक्षांचा, मिळून ब्याऐंशी लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. जानोजीला ठरलेला वाटा मिळाला. गोपाळराव पटवर्धनांना मिरज व भवानरावांना प्रतिनिधीपद परत दिले गेले. हे करण्यात माधवरावांचे राज्यकर्तेपण लढाईतल्या शौर्याहून अधिक दिसते. याच लढाईनंतर कारभाराची सूत्रे त्यांनी चुलत्याकडून हळूहळू आपल्या हाती घेतली, आणि पुढची नऊ वर्षे, थेऊरला १७७२ च्या नोव्हेंबरात क्षयाने त्यांचा अंत होईपर्यंत, त्या राज्याला पुन्हा एक धनी लाभला.

जानोजीला पुन्हा वठणीवर आणण्याची पाळी मात्र लवकरच आली. १७६९ च्या मार्चमध्ये कनकापूरला त्याच्याशी जो तह झाला, त्यात त्याने औरंगाबादच्या बाजूला घासदाणा घेण्याची वहिवाट बंद करावी असे एक कलम आहे. मोठमोठे मुलूख, फौजा, राजकारणे यांच्या कलमांत हे कलम आले आहे, आणि मला ते त्या तहातले सर्वांत बोलके कलम वाटते. राक्षसभुवनच्या विजयाचा लाभ गंगथडीच्या कुणब्यापर्यंत पोचला असेल तर तो एवढाच, की घासदाण्याच्या नावाने येणाऱ्या स्वारांपैकी एक स्वार निदान कागदावर तरी कमी झाला. पुढे आष्टी-पाटोद्याच्या शेजारी खर्ड्याला, ११ मार्च १७९५ रोजी, होळकर-शिंदे-भोसल्यांसह साऱ्या मराठमंडळाची घोडदळे अखेरची एका निशाणाखाली जमली, आणि पुन्हा निजाम हरला. त्यानंतर आठ वर्षांत ते मंडळच उरले नाही.

पेशवाई गेली, चौथाईचा तगादा १८२२ च्या तहाने निजामावरून कायमचा उतरला, आणि बीड एका धन्याखाली आले. ते सुखाने आले असे नाही. १८१८ मध्येच धर्माजी प्रतापरावांनी या भागात बंड उभारले, आणि ते मोडायला आला तो इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचा निजामाचा रिसाला. घोडा तोच, रान तेच, स्वारही पुष्कळदा त्याच वाड्यावस्त्यांतले, निशाण बदलले. पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून जी फौज प्रसिद्धीस आली तिच्या रिसाल्याचे एक ठाणे याच जिल्ह्यात, आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि योगेश्वरीच्या अंबाजोगाईस होते. निजामी अमदानीत त्या गावाचे नाव मोमिनाबाद. बालाघाटाच्या माथ्यावर पाणी बरे, हवा कोरडी, आजूबाजूला गवताची कुरणे. घोड्याला जे मानवते ते सारे तेथे होते. या रिसाल्यातला स्वार स्वतःचा घोडा घेऊन भरती होई, किंवा घोड्यापुरती रक्कम जमा करी. इंग्रजी लष्करी कागदांत या पद्धतीला ‘सिल्लादार’ म्हणत. शिलेदारच तो. राज्य बुडाले, पेशवे गेले, आणि त्यांच्या पागेतला शब्द शत्रूच्या दप्तरात जाऊन शंभर वर्षे चाकरीला राहिला.

१९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून हे रिसाले हिंदी फौजेत सामील झाले; त्यांतल्या एकाचे नाव पडले ‘विसावी डेक्कन हॉर्स’. पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्सला गेली, आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ‘हाय वुड’ नावाच्या रानाजवळ, यंत्रबंदुकींच्या समोर, उभ्या पिकातून भाले सरसावून तिने चाल केली. युरोपच्या खंदकयुद्धात घोडदळाने केलेल्या मोजक्या चालींपैकी ती एक. दख्खनचे नाव धारण केलेली घोडी परमुलखाच्या शेतातल्या उभ्या धान्यातून दौडत गेली, हे वाचताना मन क्षणभर चिपळूणच्या त्या पत्राकडे जाते. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत सिल्लादारी बंद झाली, पुढे घोडीही गेली आणि त्यांच्या जागी लोखंडी गाड्या आल्या.

बीड जिल्ह्यात आता फौजेचा घोडा नाही. गंगथडीतली रब्बीची ज्वारी अजून आहे; मार्चच्या सुमारास ती काढली म्हणजे कडब्याच्या पेंढ्या बांधून शेकड्याच्या भावाने विकल्या जातात, आणि घरच्या गाईबैलांपुरती गंजी प्रत्येक वस्तीवर रचली जाते. पाऊस हुकला की ती गंजी पुरत नाही. १९७२ साली हुकला, २०१२ साली हुकला, २०१८ साली हुकला. तेव्हा सरकार माळावर मांडव घालते, ऊस व कडबा आणून टाकते, टँकरने पाणी देते, आणि गावोगावचे शेतकरी आपली जनावरे तेथे नेऊन बांधतात. माणसेही त्यांच्याजवळच बाजा टाकून महिनोन्महिने राहतात. २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात असे मांडव शेकड्यांनी पडले होते. प्रत्येक जनावराची नोंद, रोजचा चारा मोजून, हजेरीपटावर सही. लोक त्याला चारा छावणी म्हणतात.